गोरेपण कुणाच्या कातडीवर शिजलं?

आमचे समीक्षक सौंदर्यशास्त्रावरून एकमेकांची डोकी फोडताहेत. फोडू द्या. इकडे वस्तीत सौंदर्यशास्त्र ट्यूबमधून येतंय, आणि आता तर सलाईनच्या बाटलीतून थेट शिरेत चाललंय. त्यावर कुणी परिसंवाद घेत नाही, म्हणून मी लिहितो. मी दहावी पास माणूस. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो, रात्री कविता लिहितो. डॉक्टर नाही. पण वैशाखात लोखंडी कॉइलला साखळी लावताना कातडी म्हणजे काय चीज आहे ते मला रोज कळतं.

काळा रंग हा रोग नाही, हे आधी डोक्यात घ्या. कातडीत मेलॅनिन नावाचा रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्याच्या अंगात आणि काळ्याच्या अंगात त्यांची संख्या साधारण सारखीच. काळ्याच्या पेशी रंगाचे दाणे मोठे करतात आणि सगळीकडे पसरवतात, एवढाच फरक. ऊन लागलं की रंग वाढतो, आतल्या पेशींवर छत्री धरतो. म्हणजे राबणाऱ्याची कातडी राबणाऱ्याच्या बाजूनं लढते. आणि पार्लरवाले तिला 'टॅन' म्हणतात, ती काढायचा दर लावतात! उन्हात उभं राहून हजेरी कमवायची आणि तीच हजेरी उन्हाची खूण पुसायला द्यायची. वा रे हिशेब.

मग हे गोरं करायचं औषध आलं कुठून? अमेरिकेत कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांना रबरी हातमोजे दिले होते. मोजा जिथवर पोचत होता तिथवर हातांचा रंग उडाला, पांढरे चट्टे पडले. डॉक्टरांनी तपास करून १९३९ साली छापलं की रबर टिकावं म्हणून त्यात जे रसायन घातलं होतं त्याचा हा प्रताप. ते हायड्रोक्विनोनच्या कुळातलं. कामगाराला ती इजा होती, धंदेवाल्याला त्यात मलम दिसलं. चांभार-ढोरांच्या पोरांनो, तुमच्या आज्याचे हात चुन्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कुजले, त्यांना मोजेसुद्धा मिळाले नाहीत. पण त्या अमेरिकन कामगाराचे हात आणि तुमच्या आज्याचे हात एकाच कुंडातले, हे विसरू नका.

पुढं १९७५ साल. इकडे आणीबाणी आणि बाजारात फेअर अँड लव्हली. त्याच साली तिकडे क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून कातडीचा रंग उतरवायचा नुस्खा छापला. त्याच तिकडीच्या मलमांची भावंडं आज आपल्या मेडिकलमध्ये मिळतात. हा क्लिगमन कोण? फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या अंगावर प्रयोग करणारा. कैदी बहुतेक काळे. आणि १९७५ सालीच दक्षिण आफ्रिकेतल्या फिंडले या डॉक्टरनं लिहिलं की गोरेपणाच्या हायड्रोक्विनोनी क्रीमा लावून काळ्या लोकांचे चेहरे निळे-काळे पडताहेत, आणि ते डाग जाता जात नाहीत. गोरं व्हायला गेले आणि शाईच्या दौतीत बुडाले.

तिथले लोक गप्प बसले नाहीत. काळ्या जाणिवेच्या चळवळीतले कार्यकर्ते आणि काही डॉक्टर एकत्र आले, वर्षानुवर्षं भांडले. १९९० साली सरकारला सौंदर्यप्रसाधनांतल्या हायड्रोक्विनोनवर बंदी आणावी लागली. 'गोरं करतं' असं डबीवर लिहायलाही मनाई झाली. १९७२ साली आपल्या माणसांनी अमेरिकेतल्या काळ्यांकडून पँथर हे नाव घेतलं. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांचं हे भांडण मात्र घ्यायचं राहून गेलं.

आणि आपल्याकडे? कंपनीनं २०२० साली, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला मारल्यावर जगभर बोंब झाली तेव्हा, 'फेअर' पुसून 'ग्लो' केलं. पंचेचाळीस वर्षांनी पाटी बदलली. धंदा सुरू. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारनं २०१८ साली सांगितलं. जा, नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मागून बघा. पहिला महिना चेहरा उजळतो. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, पुरळ येतं, पोरींच्या गालावर केस येतात, आणि मलम बंद केलं की आग पेटते. काही क्रीमांत तर पारा. २०२३ साली केरळच्या मलप्पुरममधून आणि आपल्या अकोल्यातून बातम्या आल्या, गोरेपणाच्या क्रीमनं मूत्रपिंडं बिघडल्याच्या. लेसरचंही तसंच. लेसर रंगावर नेम धरतं, त्यामुळं काळ्या कातडीत जास्त उष्णता शिरते. हात कच्चा असला की भाजतं आणि आधीपेक्षा काळा डाग राहतो. ग्लुटाथायोनच्या ड्रिपबद्दल फिलिपिन्सच्या औषध खात्यानं २०११ सालीच इशारा दिला होता. इथं ती ड्रिप हप्त्यावर मिळते.

आमच्या चाळीतली एक पोरगी. बी.कॉम., बँकेच्या परीक्षा देते, बोलायला लागली तर मला गप्प करते. तीन स्थळं 'मुलगी सावळी' म्हणून परत गेली. आईनं डोरलं गहाण टाकलं आणि सहा ड्रिप घेतल्या. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. रंग जरा उतरला, दोन-तीन महिन्यांत होता तसा झाला. डोरलं अजून सावकाराकडे. आणि परत गेलेली ती तीन स्थळं काय बामणांची होती? तिन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो, तिन्ही घरांत बुद्धवंदना.

दोस्तांनो, आपल्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म काढून बघा. उंची, शिक्षण, नोकरी, आणि त्याखाली रकाना : वर्ण. वर्ण! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली ती कशासाठी? बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये नाकाच्या मापांचे आकडे मांडून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत. आणि आपण पोरीच्या गालाला मापपट्टी लावतो. पोरंही काही कमी नाहीत. मोर्च्यात 'जय भीम' घसा फोडून ओरडणारा माझा एक जोडीदार गोरेपणाची ट्यूब गादीखाली लपवतो, आणि बायको मात्र गोरीच पाहिजे म्हणतो. साल्या, तुझ्या आईचा रंग आठव.

उगाच गैरसमज नको. मुरूम, वांग, गजकर्ण, कोड यांचा त्रास असतो, त्यावर इलाज आहे. सरकारी इस्पितळात चर्मरोगाची ओपीडी असते, तिथं शिकलेला डॉक्टर बसतो. तिकडे जावं, लाजू नये. माझं भांडण आजार नसलेल्याला आजारी ठरवणाऱ्यांशी आहे.

पुढच्या मेळाव्याचे फॉर्म छापखान्यात जायच्या आधी संयोजकांना गाठू आणि तो रकाना काढायला लावू. नाक्यावरच्या मेडिकलवाल्यालाही २०१८ चा नियम तोंडावर वाचून दाखवू. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, विहाराच्या पायरीवर भेटेन. ज्या आयांनी पोरींसाठी ड्रिपचे पैसे भरलेत त्यांनाही बोलवा, आपल्यापेक्षा त्यांना जास्त बोलायचं असेल.