शर्यत सुटल्यानंतरची जमा

अंधेरी-बोरिवलीहून लोकलने पेढीवर निघालेला व्यापारी महालक्ष्मीचे रेसकोर्स पाहतो, तेव्हा घोड्याची कमाई शर्यतीत असते असे त्याला वाटते. जातिवंत घोड्याच्या वहीतील मोठी जमा मात्र शर्यत सुटल्यावर पडते. अमेरिकेतील ‘जस्टिफाय’ने २०१८ साली सहाच शर्यती धावून सहाही जिंकल्या आणि सुमारे ३८ लाख डॉलर मिळविले. त्याच वर्षी त्याला निवृत्त करण्यात आले. पुढील वर्षी एका जिवंत शिंगरामागे त्याचे शुल्क दीड लाख डॉलर होते. म्हणजे सव्वीस शिंगरे झाली की साऱ्या शर्यतींची मिळकत मागे पडते. आणि असा नर एका हंगामात शंभरावर घोड्यांना दिला जातो. उलट मैदानात एक पाऊल चुकले, पाय मोडला, की भांडवलच बुडते. मालकाची घाई ती यासाठी.

हा हिशेब विजेत्या नराचाच. घोडी अकरा महिन्यांनी एकच शिंगरू देते. खच्ची केलेल्या किंवा हरलेल्या घोड्याला तर दुसरी वहीच नाही. खुराक, नालबंदी, वैद्य हा खर्च तेवढा चालू राहतो. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधील निवृत्त घोडे पूर्वी सिरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. ते सिरम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. व्यापारदृष्टी असामान्य खरीच. मात्र सिरमसाठी घोड्याला आधी विषद्रव्य टोचतात, मग वारंवार त्याचे रक्त काढतात. त्यास विश्रांती म्हणणे कठीण आहे.