भरती झाली आणि ग्राउंड सुटलं

खेळायला वेळच मिळत नाही, असं नोकरीला लागलेला प्रत्येक जण सांगतो. खरं आहे. वेळ मिळत नसतोच, तो ठरवावा लागतो. आणि एकट्यानं ठरवून भागत नाही.

डिसेंबरच्या थंडीत पहाटे पाच वाजता तेल्हाऱ्याबाहेर जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून बघा. अंधारात आधी बुटांचा आवाज येतो, मग तोंडातली वाफ दिसते, मग पोट्टे दिसतात. डोक्याला कानटोपी, अंगात ट्रॅक पँट, एकाच्या हातात मोबाइलवर स्टॉपवॉच. "ओढ बे ओढ, धा सेकंद राह्यले!" ही पोलिस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानीचे 50 गुण, लेखीचे 100. एकेका सेकंदासाठी जीव काढतात पोरं.

मीही याच रस्त्यावर धावलोय. आमच्या बॅचला अकरा जण होतो. दोघं भरती झाले. बाकीच्यांचं कुणाचं लेखीत हुकलं, कुणाचं वय निघून गेलं. मी अकोल्याला एका खासगी ऑफिसात लागलो. परवा एका लग्नात आम्ही सात-आठ जण एकत्र आलो. जेवणाच्या रांगेत सहज विचारलं, "कोन पळते रे आता?" सगळे हसले. एकानं नुसता पोटावरून हात फिरवला. खाकीत असलेला मित्र म्हणाला, "ड्युटीतून सुटलो का झोपच दिसते भाऊ. पळू कवा?"

म्हणजे बघा, ज्याचं सिलेक्शन झालं त्यानं ग्राउंड सोडलं आणि ज्याचं नाही झालं त्यानंही सोडलं. निकाल वेगवेगळे, पण शेवट सारखाच. मार्कांसाठी घाम गाळला होता. मार्कांचा विषय संपला आणि ग्राउंडचाही संपला.

यात एकट्या भरतीवाल्यांचा दोष नाही. शाळेपासून आपल्याला खेळ तसाच शिकवला जातो. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात म्हणून खेळा. कॉलेजात युनिव्हर्सिटीचा कलर मिळतो म्हणून खेळा. नोकरीत स्पोर्ट्स कोटा असतो म्हणून खेळा. या सगळ्याचा उपयोग होतो, नाही कोण म्हणतो? पण कॉलेजच्या टीममध्ये बारा जण असतात आणि वर्गात ऐंशी. उरलेल्या अडुसष्ट जणांनी काय करायचं? आणि त्या बारांनी तिशीनंतर काय करायचं? याचं उत्तर कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

माझंच सांगतो. सकाळी साडेसातची एसटी, संध्याकाळी सातला परत. अप-डाऊन करणाऱ्याला विचारा, दिवसाचे तीन तास खिडकीला डोकं टेकवून जातात. लग्न झालं, मुलगी झाली, गावाकडं थोडी शेती आहे. अशी सहा-सात वर्षं गेली. मग एका 26 जानेवारीला 'विवाहित विरुद्ध अविवाहित' अशी क्रिकेट मॅच ठेवली. तिसऱ्या ओव्हरला दोन रन पळायला गेलो आणि मांडीत अशी कळ आली की पिचवरच बसलो. पंधरा दिवस लंगडत होतो. आई म्हणाली, "तुले कोनं सांगतलं होतं खेळाले? पोट्टा हायेस का आता?"

राग आला. पण आईवर नाही. बत्तीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. आणि मांडी खेळल्यामुळं भरली नव्हती, सहा वर्षं न खेळल्यामुळं भरली होती.

बरं झाल्यावर आम्ही काही जणांनी व्हॉलीबॉल सुरू केला. ले-आउटमधला एक रिकामा प्लॉट, मालकाला विचारून साफ केला. वर्गणी काढून नेट आणि दोन हॅलोजन आणले. आमच्यात कृषी केंद्रवाला आहे, झेडपीचे एक गुरुजी आहेत, एक मोबाइल दुरुस्त करतो, दोघं-तिघं शेतकरी. आधी ठरलं, 'जमेल तेव्हा खेळू'. दोन महिन्यांत चारदा जमलं. गुरुजी वैतागून म्हणाले, "जमल तवा म्हंजे कधीच नाही. वार सांगा." मग वार ठरले. मंगळवार, गुरुवार, रविवार. रात्री आठ ते नऊ. आणखी एक नियम केला, चार जण आले की खेळ सुरू, पाचव्याची वाट बघायची नाही. या दोन गोष्टींवर आमचं मंडळ दीड वर्षं टिकलंय.

व्हॉलीबॉलच का? एक गंमत नंतर वाचनात आली. 1895 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, होलिओक नावाच्या गावी, विल्यम मॉर्गन नावाचा वायएमसीएचा एक व्यायामशिक्षक होता. त्याच्याकडं संध्याकाळी नोकरी-धंदा करणारी, वय झालेली माणसं यायची. बास्केटबॉल तेव्हा नवा-नवा आला होता, पण त्यातली धावपळ आणि धक्काबुक्की या मंडळींना झेपेना. म्हणून त्यानं मध्ये जाळी बांधली आणि वेगळा खेळ काढला. तोच व्हॉलीबॉल. आज आपण ऑलिंपिकमध्ये बघतो तो खेळ मुळात दमून घरी जाणाऱ्या नोकरदारांसाठी तयार झाला होता. आमच्यासाठीच म्हणा ना!

मुद्दा काय, तर आपल्या आयुष्यात बसेल असा खेळ निवडावा. टेनिस बॉल क्रिकेट मलाही आवडतं. पण त्याला बावीस जण आणि अख्खा रविवार लागतो. आता बाकीचे खेळ बघा. कबड्डीच्या मॅचमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. खो-खोत नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या. बॅडमिंटनला दोन जण आणि गल्लीतला एक दिवा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं, की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे अडीच तासांपासून सुरुवात. आठवड्याचे तास असतात 168. अडीच तास नाहीत, असं म्हणणाऱ्यानं मोबाइलमधला स्क्रीन टाइम एकदा उघडून बघावा. मी बघितला होता. परत तोंड वर करून बोललो नाही.

हे काही परदेशातून आणायचं खूळ नाही. आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीला, 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. 2014 पासून तीच कबड्डी आपण प्रो कबड्डी म्हणून टीव्हीवर बघतो. आपल्या भागातून निघालेला खेळ बर्लिनपर्यंत गेला आणि आपण सोफ्यापर्यंत आलो.

आता थोडं गंभीर. आमच्यातला एक शेतकरी मित्र मागच्या पावसाळ्यानंतर यायचा बंद झाला. आधी वाटलं, रात्रीची लाइन असेल, ओलित सुरू असेल. एक आठवडा झाला, दुसरा गेला. गुरुजी म्हणाले, "फोन नका लावू. घरी जा." दोघं गाडीवर गेलो. घरासमोर खाटेवर बसला होता. सोयाबीन भिजलेलं, घरात तेच, डोक्यात तेच. आम्ही काही उपदेश केला नाही, आम्हाला तो येतही नाही. चहा घेतला आणि निघताना म्हटलं, "तुयाविना सर्व्हिस कोनालेच जमत नाही लेका. मंगळवारी येजो." मंगळवारी आला नाही. गुरुवारी आला.

खेळानं त्याचं सोयाबीन परत आलं नाही, कर्जही फिटलं नाही. असा दावा करणाऱ्याला मी जवळही उभं करणार नाही. पण आठवड्यात तीन वेळा तुम्ही कुठं तरी दिसायला हवे आणि दिसला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, ही व्यवस्था आपल्या गावांत आता कुठं उरली आहे? व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर गप्प बसलेला माणूस कुणाला कळत नाही. नेटच्या एका बाजूला तीनच जण उभे असले, की लगेच कळतं.

इथपर्यंत सगळं छान वाटलं असेल. पण मला माझ्या बहिणीनं जमिनीवर आणलं. ती शाळेत जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेली. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनीही नेपाळला हरवून तो जिंकला. महिलांची फायनल ती माहेरी, माझ्याच मोबाइलवर बघत होती. "मीही असाच सूर मारत होती ना रे?" म्हणाली. मी हो म्हटलं आणि ऐटीत आमच्या मंडळाचं कौतुक सुरू केलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा टाइम आठचा. त्या वक्ती घरी पोया कोन करते?"

उत्तर नव्हतं. माझा मोकळा तास बायकोच्या तासातून निघत होता. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये 2024 साली एक मोठा अभ्यास आला. त्यात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. पुरुषांत 42 टक्के, बायकांत 57. हा फरक आळसाचा नाही. मोकळा वेळ आणि मोकळी जागा, दोन्ही कुणाच्या वाट्याला येतात, याचा आहे. आता रविवारी सकाळी सहाला माझी बायको गल्लीतल्या तिघींसोबत बॅडमिंटन खेळते. चहा, पोरीची वेणी आणि नाश्ता माझ्याकडं. वेणी वाकडी होते. पोरगी तक्रार करते. चालायचंच.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, "वावरात राबनाऱ्याले कायचा व्यायाम सांगता?" अगदी बरोबर. दिवसभर निंदण करणाऱ्या बाईला किंवा कापूस वेचणाऱ्या माणसाला 150 मिनिटांचा हिशोब सांगणं हा उद्धटपणा आहे. हालचाल त्यांची आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. त्यांना आधी आराम आणि पुरेशी मजुरी हवी. पण काम आणि खेळ यांत फरक आहे. कामात पाठ वाकते ती दुसऱ्याच्या हिशोबानं. खेळताना माणूस तासभर स्वतःचा असतो. तो तास त्यांनाही हवा असतो. आमच्या मंडळातले शेतकरी दिवसभर राबूनच येतात, कुणी ओढून आणत नाही.

म्हणून कॉलेजातल्या दोस्तांनो, तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, डिग्री हातात पडायच्या आधी असा एक खेळ शिकून घ्या, जो चाळिशीतही खेळता येईल. टीममध्ये नंबर लागला नाही तरी शिका. वाईट खेळलात तरी चालतं. आमच्या कृषी केंद्रवाल्याची सर्व्हिस अजूनही दहातून चारदा नेटमध्ये जाते आणि त्याच्याइतका नियमित कुणी नाही. भरतीसाठी पळत असाल तर जरूर पळा, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी, तो कसाही लागो, एकदा परत त्या रस्त्यावर जा. स्टॉपवॉच घरी ठेवून.

दुसरी, कॉलेजकडं एक मागणी करा. संध्याकाळी सहानंतर बहुतेक ग्राउंडला कुलूप असतं. आठवड्यातून तीन दिवस ते माजी विद्यार्थ्यांसाठी आणि गावासाठी उघडं ठेवायला काय हरकत आहे? त्यातला एक दिवस फक्त मुली-बायकांचा ठेवावा, दिव्यांसकट. जबाबदारी कोण घेणार, असं विचारतील. तुम्ही घ्या. विद्यार्थ्यांनी मागितलेली ही काही फार महागाची गोष्ट नाही.

तोवर आमचा प्लॉट आहेच. मंगळवार, गुरुवार, रविवार, रात्री आठला. कुणीही या. फक्त पाच मिनिटं आधी या, नेट बांधायला माणूस कमी पडते.