एक चोपडी आपलीही हवी



कर्जत म्हटले की तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नगरकडचे कर्जत येईल, ज्वारीचे आणि दुष्काळाचे. आम्ही सांगतो आहोत ते रायगड जिल्ह्यातले, घाटाखालचे कर्जत आणि त्याला लागून असलेले खालापूर. तिथे पाऊस इतका की आपल्या दोन-चार वर्षांचा पाऊस एका पावसाळ्यात पडून जातो. भाताचे संशोधन केंद्र तिथे आहे, धरणे आहेत, मुंबई हाकेच्या अंतरावर आहे. तरीही कर्जाची कहाणी तीच. तिथे जाऊन आम्ही जे पाहिले ते कोरडवाहू कपाशी-ज्वारीच्या शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एका जुन्या खोट्याचा समाचार घेऊ. शेतकरी कर्जात का, असे विचारले की साहेबलोकांचे उत्तर तयार असते: शेतकरी उधळा आहे, लग्नात उडवतो, सणात उडवतो, आता मोबाईलात आणि मोटारसायकलीत उडवतो. हे उत्तर दीडशे वर्षांचे आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, गावोगाव सावकारांची खतपत्रे जाळली गेली. सरकारने चौकशीला आयोग नेमला. तेव्हाही लग्नखर्चाचे तुणतुणे वाजतच होते. पण खुद्द इंग्रज सरकारच्या आयोगाने लिहून ठेवले की लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. असा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असला तरी प्रसंग क्वचित येतात. महात्मा फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच आरोपाची सालटी काढली. तेव्हा हा प्रश्न निकालात निघालेला आहे. शेतीमालाचा भाव पाडला जातो म्हणून शेती तोट्यात जाते आणि शेती तोट्यात जाते म्हणून कर्ज होते. यात आम्ही एक अक्षरही मागे घेत नाही.

पण इथेच आपल्या कार्यकर्त्यांची एक चूक होते, आणि आज भांडण आहे ते आपल्याच घरातले. आपले काही मित्र म्हणतात, कर्ज भावामुळे झाले, मग घरखर्चाचा हिशेब कशाला? हिशेब मांडायला बसणे म्हणजे साहेबांचा आरोप मान्य करणे. आम्ही म्हणतो, साफ चूक. आग शेजाऱ्याने लावली म्हणून आपण आपल्या घरावर पाणी मारायचे नाही की काय?

आता खालापूरच्या एका वाडीतली गोष्ट ऐका. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसरे कोलाम, जे यवतमाळकडे तुमचेच शेजारी आहेत, आणि तिसरे माडिया गोंड. पावसाळ्यात कातकऱ्याला भाताच्या लावणी-कापणीचे काम. पुढे हाताला काम नाही. सणाच्या तोंडावर, आजारपणात, लग्नात पैशाची नड लागते आणि वीटभट्टीचा शेठ बयाणा घेऊन दारात उभा राहतो. तो घेतला की दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर. तिथे आठवड्याची खर्ची मिळते, तीही अंगावर चढते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि दरसाल काही ना काही शिल्लक निघते. शेठची, कातकऱ्याची नव्हे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण शेठच्या वहीत ती सुखाने नांदते.

त्या वाडीत एक बाई भेटली. अक्षरओळख नाही. तिने भट्टीवरच्या खोपटातल्या एका फळीवर कोळशाने रेघा मारल्या होत्या. हजार वीट पडली की एक रेघ, दहा झाल्या की आडवी. खालच्या अंगाला टिंबे, ती खर्चीची. हंगाम संपल्यावर शेठने वही उघडली, तिने फळी पुढे केली. फळीवर रेघा 112, वहीत वीट 101 हजार. शेठ ओरडला, मग हसला. मागे आणखी चार बिऱ्हाडे उभी राहिली तेव्हा त्याने सात हजार वीट कबूल केली. अकराच्या अकरा नाही, पण सात हजार विटांची मजुरी एका कोळशाच्या तुकड्याने परत आणली. ती फळी तिने घरी आणून ठेवली आहे.

1875 साली लोकांनी सावकाराच्या चोपड्या जाळल्या, कारण हिशेब त्या एकाच ठिकाणी होता. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात तरतूद होती की कुळाने दिलेल्या पैशाची पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे, मागितले तर पासबुक मिळाले पाहिजे. कुळाच्या हाती लेखी हिशेब असावा हे गोऱ्या सरकारलाही पटले होते. आपल्याला अजून पटायचे आहे.

त्याच तालुक्यांत दुसरे दृश्यही पाहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पुरा झाला. रस्त्याच्या आजूबाजूच्या जमिनींना शहरवाल्यांची गिऱ्हाइके आली. भातात काही उरत नाही हे ठाऊक असलेल्या शेतकऱ्याने जमीन विकली. त्याला दोष कोण देईल? पण एकरकमी पैसा कधी हाताळलेला नाही. घर झाले, गाडी झाली, लग्ने झाली, भावकीने उसने नेले. आम्हाला भेटलेला एक गृहस्थ आज आपल्याच जुन्या शेतातल्या बंगल्यावर राखणीला आहे. पैसा कुठे गेला, विचारले. म्हणाला, "कुठं गेला म्हणजे? इथंच तर होता."

भावांनो, हे वाक्य आपलेही आहे. कपाशीचा चुकारा हाती पडतो त्या आठवड्यात आपण काय करतो ते आठवून पाहा. नोकरदाराला दर महिन्याला पगार, त्याचा खर्चही महिन्याचा. आपल्याला पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा, आणि खर्च बारा महिने. म्हणून बँकेच्या भिंतीवरचे महिनेवारी अंदाजपत्रक आपल्या कामाचे नाही. आपले अंदाजपत्रक खळ्यावरच झाले पाहिजे. बियाण्याची ज्वारी बाजूला काढल्याशिवाय उरलेली दळायला घेत नाहीत, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. पैशालाही तोच नियम लावा.

चुकारा आला की पाच वाटे करा. पहिला, पुढच्या पेरणीचा. दुसरा, पुढचे पीक येईपर्यंतच्या किराणा-मिठाचा. तिसरा, कर्जाचा. चौथा, दवाखाना आणि शाळेचा. पाचवा, सणावाराचा आणि हौसेचा. होय, हौसेचाही. हौस नसलेले जिणे आम्ही कोणाला सांगत नाही. पण हौस पाचव्या वाट्यातून, पहिल्यातून नाही. आणि पाचव्या वाट्यातलीही मोठी खरेदी पहिल्या बाजाराला नाही; दोन आठवडी बाजार जाऊ द्यायचे. तिसऱ्या बाजारालाही ती वस्तू हवीच वाटली तर खुशाल घ्या. आमचा अनुभव असा की निम्म्या वस्तूंची आठवणही राहत नाही.

तिसरा वाटा द्यायचा कोणाला? जो मोठ्याने ओरडतो त्याला, ही आपली रीत. ती मोडा. ज्याचे व्याज जास्त, त्याचे आधी फेडा. 20,000 रुपये शेकडा 5 दरमहा घेतले तर व्याज महिन्याला 1,000. तेवढेच पीककर्ज 7 टक्क्यांनी असेल तर वर्षाला 1,400. महाराष्ट्रात 2021-22 पासून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज शून्यावर आले. म्हणून सोसायटीची मुदत चुकवू नका. पण मार्चअखेरीला नवे-जुने करायला खासगी सावकाराचे पैसे घेऊन तेच अंगावर ठेवू नका. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या बँक-सोसायटीच्या कर्जाला लागल्या. कृषी केंद्राची उधारी, सोन्यावरचे कर्ज, गाडीचा हप्ता, हातउसने यांना त्या लागल्या नाहीत. ते फेडायला दुसरे कोणी येणार नाही. आणि विनापरवाना सावकारी हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. सावकारीत गिळलेली जमीन परत मागण्यासाठी त्याच कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. पण अर्जासोबत काय जोडाल? किती घेतले, किती दिले, कोणत्या तारखेला? पुन्हा चोपडीच लागते.

आता आम्ही आमचीही झाडाझडती घेतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली, गावोगाव फवारणीचे तक्ते वाटले. लहरीचा सर्वांत मोठा खर्च मोबाईलच्या दुकानात होत नाही, तो कृषी केंद्राच्या काउंटरवर होतो. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारतो, दुकानदार टॉनिकची बाटली वर ठेवतो आणि उधारीच्या भावाने लिहून घेतो. बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच औषधाला हात घाला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. न लागणारी फवारणी वाचली तर पैसा वाचतो आणि माणूसही.

वही कोणी ठेवायची? घरातल्या बाईने. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बाया लाखांनी जमल्या, त्या जेवणापुरत्या नव्हत्या आल्या. मीठ-मिरची कधी संपते हे तिला ठाऊक असते, आणि घरधन्याने कोणाकडून किती उचलले हे तिला शेवटी कळते. ते पहिल्यांदा कळले पाहिजे.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. केंद्राने 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7,710 रुपये आणि संकरित ज्वारीला 3,699 रुपये हमीभाव जाहीर केला. हा खर्चाच्या दीडपट आहे, असे सरकार सांगते. कोणत्या खर्चाच्या? जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्या हिशेबात धरलेले नाही. आपण सभेत ओरडून सांगतो की भाव परवडत नाही. किती परवडत नाही, असा उलट प्रश्न आला की आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. गावागावातून दहा-दहा घरांच्या वह्या जिल्हा सभेत टेबलावर पडल्या तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

तेव्हा दोन रुपयांची असो की वीस रुपयांची, एक वही घ्या. डाव्या पानावर आले, उजव्या पानावर गेले, शेवटच्या पानावर देणे आणि त्याचे व्याज. लिहिता येत नसेल तर फळी आणि कोळसा घ्या. पुढच्या जिल्हा सभेला येताना बिल्ला लावा, भाकरी बांधा, आणि वही बरोबर आणा. आमचीही वही आम्ही आणतो. तीही उघडून पाहा.