फळाची आशा कोणी सोडायची?

गीतेच्या ज्या शिकवणीचा आपल्याकडे सर्वांत जास्त गैरवापर होतो, ती निष्काम कर्माची. ‘काम करत राहा, फळाची आशा धरू नका’ हा उपदेश मी नोकरीत पुष्कळ ऐकला. बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या पदरात फळ पडलेले होते आणि ऐकणाऱ्याचे हात रिकामे होते.

सध्या पोस्टिंग लखनौला आहे. अमीनाबादच्या बाजारात चिकनकामाची दुकाने ओळीने आहेत. अशाच एका दुकानात एक बाई भरतकाम केलेल्या कापडांचे गाठोडे घेऊन आली होती आणि मागच्या खेपेची थकलेली मजुरी मागत होती. दुकानदार हसून म्हणाला, ‘बहनजी, कर्म करती जाइए, फल ऊपरवाला देगा.’ त्याच्या मागे भिंतीवर कृष्णार्जुनाच्या रथाचे कॅलेंडर, आणि समोर टांगलेल्या प्रत्येक कुर्त्यावर किमतीची चिठ्ठी. मुर्री, फंदा, जाली असे बारीक टाके घालून डोळे शिणवणाऱ्या बाईने फळ देवावर सोडायचे आणि दुकानदाराने ते रोख मोजून घ्यायचे! याला गीता म्हणत नाहीत, बुडवेगिरी म्हणतात.

फौजेतही हे चालते, म्हणून लिहितो आहे. जवानाने अडलेल्या रजेचे विचारले, निवृत्त हवालदाराने पेन्शनच्या फाइलचे विचारले, की कोणीतरी साहेब कर्तव्याचे प्रवचन सुरू करतो. पण त्या साहेबाचे कर्तव्य कोणते? ती रजा, ती फाइल, हेच त्याचे कर्म. ते न करता समोरच्याला अनासक्ती शिकवणे म्हणजे कामचुकारपणाला सोवळे नेसवणे.

निष्काम म्हणजे निकालाविषयी बेफिकीर, असे ज्यांना वाटते त्यांनी लोकमान्यांकडे पाहावे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1916 मध्ये, टिळक याच लखनौत काँग्रेस अधिवेशनाला आले. लखनौ करारात मुसलमानांसाठी कायदेमंडळातल्या जागा प्रांतवार ठरल्या: संयुक्त प्रांतात 30 टक्के, बंगालात 40, पंजाबात 50. कर्मयोगावर एवढा ग्रंथ लिहिणारा माणूस अशा आकड्यांच्या करारामागे ठाम उभा राहिला आणि त्यासाठी स्वकीयांचा रोषही त्याने पत्करला. करार योग्य होता की नाही, यावर वाद घाला. पण टिळकांनी निकालाची चिंता सोडली नव्हती. वाहवेची सोडली होती.

दुसरे उदाहरण आपल्या गणवेशातले. कॅप्टन मनोजकुमार पांडे लखनौच्या सैनिक शाळेत शिकले, मग आमच्या खडकवासल्यात. निवड मंडळापुढे त्यांनी ‘मला परमवीर चक्र मिळवायचे आहे’ असे सांगितले, ही गोष्ट आपल्यात सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे इच्छा उघड बोलून दाखवलेली! मग 2-3 जुलै 1999 च्या रात्री खालूबारवर जखमी अवस्थेत एकामागून एक बंकर जिंकत गेलेला हा अधिकारी सकाम ठरवायचा का? हल्ल्याआधी आपण सॅण्ड मॉडेलवर तासन्‌तास निकालाचाच विचार करतो. गोळीबार सुरू झाला की समोरचा बंकर तेवढा उरतो. अनासक्ती ती तिथे. पांडे आपले फळ मागायला परतले नाहीत. त्यांच्या शौर्याची नोंद इतरांनी केली आणि चक्र वडिलांच्या हाती आले. फळ पोचवणे हेही कोणाचे तरी कर्म असते.

कोणी म्हणेल, अशाने प्रत्येक जण हक्क मागत बसेल आणि शिस्त मोडेल. मला उलटे दिसते. ज्या युनिटमध्ये माणसाचे देणे वेळेवर मिळते, तिथे त्याला मागावेच लागत नाही, आणि तोच निवांत मनाने जीव पणाला लावतो.

अर्जुनाला हा उपदेश करणारा कुठे होता, तेही आठवा. तो मागे तंबूत बसला नव्हता. हाती शस्त्र न घेता, अर्जुनाच्याही पुढे, घोड्यांचे लगाम धरून बाणांच्या माऱ्यात बसला होता. फळाची आशा सोडायला दुसऱ्याला सांगायचे असेल, तर आधी त्या जागी बसावे. तोवर हा उपदेश प्रत्येकाने फक्त स्वतःला करावा.