गाळलेले वाक्य

चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधली विधानसभेची इमारत ल कॉर्ब्युझिए यांची. छप्पर एक, विधानसभा दोन: पंजाबची आणि हरियाणाची. १ एप्रिल २०२२ रोजी पंजाबच्या सभागृहाने ठराव केला: चंडीगड आम्हाला द्या. भाजपचे सदस्य सभात्याग करून गेले, उरलेल्यांनी तो मंजूर केला. ५ एप्रिलला हरियाणाच्या सभागृहाने त्याविरुद्ध ठराव केला, तो एकमताने.

एकाच इमारतीत, पाच दिवसांच्या आत, एकमेकांच्या विरुद्ध दोन ठराव. पलीकडच्यांची सर्वांत भक्कम बाजू आधी मांडावी आणि मग तिला उत्तर द्यावे, असे बंधन ठरावावर नसते. निबंधावर असते. नेमके तेच आपण मुलांना शिकवत नाही.

आपल्याकडे काय शिकवतात ते घरोघरी ठाऊक आहे. ‘मोबाइल: शाप की वरदान?’ दोन परिच्छेद वरदानाचे, दोन शापाचे, शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात, तारतम्य हवे’. गाइडमध्ये हा साचा तयार मिळतो आणि पेपरात त्याला गुणही पडतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत ‘व्ह्यू–काउंटर व्ह्यू’ हा प्रश्न असतो. एका बाजूचे मुद्दे छापून दिलेले, मुलाने त्यांच्या विरुद्धचे लिहायचे. ‘वेळ वाचतो’ असे छापले असेल तर ‘वेळ वाया जातो’. मूल वाक्य उलटे करायला शिकते. समोरचा तसे का म्हणतो, हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण समोर कोणी नसतेच.

आता चंडीगडचा प्रश्न या साच्यात घालून पाहा. पंजाबची बाजू: लाहोर गेले म्हणून हे शहर पंजाबची राजधानी म्हणून वसवले, राज्य विभागले की राजधानी मूळ राज्याकडे राहते, १९७० मध्ये इंदिरा गांधींनी आणि १९८५ मध्ये राजीव गांधी–लोंगोवाल कराराने ते पंजाबला देऊ केले. हरियाणाची बाजू: १९६६ च्या शहा आयोगाने बहुमताने खरड तालुका चंडीगडसह हरियाणाला द्यावा असे सुचवले होते, सतलज–यमुना कालव्याचे पाणी अजून आलेले नाही, हिंदीभाषक गावे अजून मिळालेली नाहीत. शेवटी ‘दोन्ही राज्यांनी सामंजस्याने मार्ग काढावा’. निबंध झाला. समतोलही दिसतो. वाद मात्र जागचा हललेला नाही.

तो हलतो एका वाक्यापाशी. २४ जुलै १९८५ च्या कराराचे सातवे कलम काढा. चंडीगड पंजाबला आणि त्याच्या बदल्यातला प्रदेश हरियाणाला, ही दोन्ही हस्तांतरणे एकाच वेळी, २६ जानेवारी १९८६ रोजी होतील, असे त्यात आहे. एकच वाक्य. पंजाबची बाजू मांडणारा त्याचा पहिला अर्धा भाग वाचून थांबतो, हरियाणाची मांडणारा दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात करतो. खोटे कोणीच बोलत नाही. बदल्यात कोणती गावे द्यायची हे ठरवायला मॅथ्यू आयोग बसला आणि कंदुखेडा या एका पंजाबीभाषक गावापाशी अडला. ते गाव वगळले तर बदल्यात द्यायचा अबोहर–फाजिल्काचा पट्टा हरियाणाला सलग जोडला जाईना, आणि २६ जानेवारी तशीच निघून गेली.

मुलाच्या हातात मुद्द्यांची यादी न देता हे पूर्ण कलम द्यायला हवे. त्याला विचारायचे: पंजाबचा वकील कुठे थांबेल? हरियाणाचा कुठून सुरू करेल? तू कोणाच्या बाजूचा आहेस ते नंतर सांग. आधी तुझ्या बाजूने गाळलेला भाग तुझ्या अक्षरात लिही. त्यानंतर त्याने चंडीगड पंजाबला द्या म्हणावे, हरियाणाला द्या म्हणावे किंवा दहा लाखांवर वस्तीच्या त्या शहरातल्या लोकांना तरी कोणी विचारले का, असे म्हणावे. ठामपणे म्हणावे. समतोल म्हणजे निकाल न देणे, हा समज शिक्षकांनीच पसरवला आहे. त्यामुळे मुले दहा वर्षे निबंध लिहितात आणि एकदाही स्वतःचे मत लिहीत नाहीत.

मराठी वाचकाला चंडीगडबद्दल हे सहज पटेल, कारण तिथे आपले काही गुंतलेले नाही. आता बेळगाव घ्या. २२ डिसेंबर २०२२ ला कर्नाटक विधिमंडळाचा ठराव, २७ डिसेंबरला महाराष्ट्राचा, ८६५ गावांसाठी. दोन्ही एकमताने. आपल्या मुलाच्या निबंधात बेळगाव कर्नाटकात ठेवणाऱ्या महाजन आयोगाचा अन्याय येतोच, आणि यावा. पण आयोग नेमा, ही मागणी आपली होती, १९६६ मध्ये सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केले होते, हे वाक्य त्यात किती वेळा येते? तिकडे ‘एक इंचही देणार नाही’ म्हणणाऱ्याच्या निबंधात याच महाजन अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितले होते, हे वाक्य येते का? बेळगाव महाराष्ट्रात यावे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच आपल्या मुलांनी पहिले वाक्य गाळू नये असेही वाटते. ते गाळलेला युक्तिवाद समोरचा पहिल्याच मिनिटाला पाडतो.

म्हणून शिक्षकांनी सुरुवात परक्या भांडणापासून करावी. कोल्हापूरच्या वर्गाने चंडीगड घ्यावे, चंडीगडच्या वर्गाने बेळगाव. ज्याच्यासाठी घरात कोणी आवाज चढवत नाही, त्या विषयावर मूल कागदपत्र शांतपणे वाचते. हात बसला की मग घरचा प्रश्न द्यावा.

आणि त्या दुसऱ्या निबंधाचा पहिला वाचक शिक्षक नसावा, समोरच्या बाजूचे मूल असावे. ‘आमचे म्हणणे बरोबर मांडले आहे’ असे त्याने म्हटले, तरच शिक्षकाने गुण द्यायला घ्यावे. चंडीगडच्या वर्गात असा वाचक शेजारच्या बाकावर बसलेला असतो, कारण पंजाबची आणि हरियाणाची मुले तिथे एकाच शाळेत शिकतात. कोल्हापूरला तो शोधावा लागेल, पण निपाणी तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथे कन्नड शाळाही आहेत. इंग्रजीच्या तासाला लिहिलेल्या निबंधाला भाषेची अडचण नाही. वह्यांची अदलाबदल करायला दोन राज्यांचा ठराव लागत नाही. सीमेच्या अलीकडचा एक शिक्षक आणि पलीकडचा एक, एवढ्यावर हे येत्या सत्रात सुरू होऊ शकते.