जुना गिंबल विकू नका!

जिमखान्यात सध्या एकच विषय गाजतोय. आपल्या क्लबकडचा मोबाइलचा जुना गिंबल, म्हणजे डीजेआयचा ओस्मो मोबाइल २, विकून टाकायचा, आलेल्या पैशांत फंडाची भर घालायची आणि ओस्मो मोबाइल ६ घ्यायचा. ठराव मांडणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. जुना जड आहे, त्याची घडी होत नाही, सॅकमध्ये मावत नाही आणि ‘आता असला गिंबल वापरतं कोण राव?’ नवा घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पण जुना विकून घ्यायचा, याला माझा ठाम विरोध आहे.

ज्या सरांना आणि मॅडमना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिंबल म्हणजे फोन धरायचा दांडा, पण तीन मोटरी असलेला. हात उजवीकडे कलला की मोटर फोनला तेवढाच डावीकडे फिरवते. हात किती आणि कुठे कलला हे आतले सेन्सर सांगतात आणि हा हिशोब सेकंदाला शेकडो वेळा चालतो. सेकंड इयर, थर्ड इयरच्या पब्लिकला यात ‘फीडबॅक लूप’ लगेच दिसेल. व्हायवाला विचारतात तोच! याचे पूर्वज म्हणजे गॅरेट ब्राउन या अमेरिकन कॅमेरामनने १९७० च्या दशकात बनवलेला स्टेडीकॅम. १९७६ च्या ‘रॉकी’मध्ये नायक धावत पायऱ्या चढतो तो शॉट त्याच्यावरच घेतलेला आहे. त्याच्या दांड्यावर फोनचा तोल सांभाळणाऱ्या मोटरी नव्हत्या. सगळा खेळ वजनाचा आणि समतोलाचा.

आता दोन पिढ्यांकडे वळू. ओस्मो मोबाइल २ आला जानेवारी २०१८ मध्ये. वजन ४८५ ग्रॅम, बॅटरी २६०० एमएएच, एका चार्जिंगमध्ये १५ तास. किंमत १२९ डॉलर. त्याच्या आधीचा, २०१६ चा पहिला ओस्मो मोबाइल २९९ डॉलरला होता, म्हणजे निम्म्याहून कमी किमतीत हा आला. गिंबल हा प्रकार स्टुडिओतून हॉस्टेलच्या खोलीपर्यंत पोचला त्यात या उतरलेल्या किमतीचा मोठा वाटा. ओस्मो मोबाइल ६ आला सप्टेंबर २०२२ मध्ये. वजन ३०९ ग्रॅम (चुंबकाचा क्लॅम्प वेगळा), घडी होते, घडी उघडली की आपोआप चालू होतो, आतून २१५ मिलिमीटरची दांडी बाहेर येते. बॅटरी मात्र १००० एमएएच, चालते ६ तास २४ मिनिटं. किंमत १५९ डॉलर.

दोन्हीत मोटरी तीनच. फोन तिरका होऊ न देण्याचं मूळ काम दोघंही करतात. मग चार वर्षांत बदललं काय? माझ्या मते बदलला तो गिंबलच्या मनातला माणूस. जुन्याला वाटतं, तुम्ही समोरच्या कशाचं तरी शूटिंग करणार आहात. फोन आडवा लावा, चालू करा, शूट करा. उभा हवा असेल तर स्क्रू सैल करून हाताने फिरवा. नव्याला वाटतं, तुम्ही स्वतःचंच शूटिंग करणार आहात, तेही उभं, आणि पाच सेकंदांत सुरू व्हायला हवं. एक बटण दोनदा दाबलं की फोन आडव्याचा उभा होतो. दांडी आहे ती सेल्फीसाठी. यात कोणाचा दोष नाही. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणलं आणि बघता बघता अख्खी मुंबई उभ्या चौकटीत गेली. पण क्लबचं काम गॅदरिंगची तीन अंकी नाटकं, टेक्निकल पेपर प्रेझेंटेशन आणि गणपती शूट करण्याचं आहे. तिथे समोरच्याचं शूटिंग करायचं असतं, आपलं नाही.

कोणी म्हणेल, हल्लीच्या फोनमध्येच स्टॅबिलायझेशन असतं, मग जुना काय नि नवा काय, गिंबल हवाच कशाला? २०२२ मध्ये आयफोन १४ ला तर खास ‘अ‍ॅक्शन मोड’ आला. दिवसाउजेडी हा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण फोनचं सॉफ्टवेअर करतं काय, तर चित्राच्या कडा कापतं आणि उरलेली चौकट सरकवून सगळं स्थिर असल्याचं भासवतं. रात्री उजेड कमी असला की प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्त वेळ उघडं राहतं. तेवढ्यात हात हलला तर ती फ्रेम घेतानाच पुसट होते. पुसट चित्र कितीही सरकवा, पुसटच राहणार. लेन्स हलवून कंप मारणारी सोय काही फोनमध्ये असते, पण ती बारीक थरथरीपुरती. चालणाऱ्या माणसाचा हात तिच्या आवाक्याबाहेरचा. गिंबल मुळात फोनच हलू देत नाही, म्हणून रात्री त्याला अजून तोड नाही.

आणि आपलं महत्त्वाचं शूटिंग रात्रीचंच! अंधेरीच्या राजाचं उदाहरण घ्या. त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीला होत नाही, संकष्टीला होतं. मिरवणूक वर्सोव्याकडे निघते ती रात्रभर चालते. ६ तास २४ मिनिटांत काय होणार? १५ तासांचा जुना गडी तिथे उपयोगी. शिवाय त्याच्या दांड्यात यूएसबीचं भोक आहे, त्यातून फोनही चार्ज करता येतो. नव्याला पॉवरबँक लावा म्हणाल, पण ढोल-ताशाच्या गर्दीत एका हातात गिंबल, दुसऱ्यात पॉवरबँक आणि मधे लोंबणारी वायर... करून बघा आणि मग सांगा. हे आकडे कंपनीचे आहेत, म्हणजे आदर्श परिस्थितीतले, आणि २०१८ ची बॅटरी आज १५ तास देणार नाही हेही मला ठाऊक आहे. लिथियमची बॅटरी म्हातारी होतेच. पण १५ ची दहा झाली तरी सहापेक्षा जास्तच की! खुद्द कंपनीने २०२५ च्या ओस्मो मोबाइल ७ मध्ये आकडा पुन्हा १० तासांवर नेला. सहा तास कमी पडतात हे त्यांनाही पटलं असावं.

माझा दुसरा मुद्दा फर्स्ट इयरच्या मुलांसाठी. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ आणि ‘मोमेंट’ रट्टा मारून पास होणारे आपल्यात कमी नाहीत. जुन्या गिंबलवर फोन लावताना आडवी भुजा आत-बाहेर सरकवावी लागते. बंद गिंबलवर फोन स्वतःहून आडवा राहिला की समजायचं, मोमेंट शून्य. मग मोटरला फक्त थरथर सांभाळायची असते, वजन पेलायचं नसतं. हे एकदा हाताने केलं की मेकॅनिक्सचा तो चॅप्टर जन्मात विसरणार नाही. नव्याच्या क्लॅम्पवर खुणा आहेत, फोन मधोमध धरा आणि चुंबकावर चिकटवा, झालं. सोय म्हणून उत्तम, शिकायला निरुपयोगी. आणि क्लॅम्पची मर्यादाही लक्षात ठेवा : फोन १७० ते २९० ग्रॅम, जाडी १० मिलिमीटरपर्यंत. हॉस्टेलमधली निम्मी जाडजूड रबरी कव्हरं इथेच बाद!

एक गोष्ट मात्र दोघांनाही जमत नाही, आणि नव्यासाठी पैसे मागणाऱ्यांनी ती नीट ऐकावी. गिंबल फक्त फिरणं थांबवतो. वर-खाली होणं थांबवत नाही. चालताना शरीराला बसणारा हिसका तीन मोटरींपैकी एकीच्याही हद्दीत येत नाही. त्यासाठी गुडघे वाकवून, टाच आधी टेकवत चालायला शिकावं लागतं. अंधेरी स्टेशनवर डोक्यावर लाकडी पाटी घेऊन गर्दीतून सरसर जाणारे डबेवाले बघा. पाटी पाण्यावर तरंगल्यासारखी सरळ रेषेत जाते. ती सेवा १८९० मध्ये सुरू झाली, गॅरेट ब्राउनच्या पुष्कळ आधी. आपल्या क्लबच्या व्हिडिओत जी उडी दिसते ती गुडघ्यातली आहे, नवा गिंबल आणून जाणार नाही.

घाटकोपर-वर्सोवा मेट्रोतही दोघांची सारखीच फजिती होते. (ही मेट्रो जून २०१४ ला सुरू झाली, आपल्या बहुतेक सगळ्या डे-स्कॉलर्सचं आयुष्य तीवर चाललंय.) गाडी वळली की गिंबलला वाटतं, माणसाचा हात वळला. दिशा ‘लॉक’ केलेली असेल तर तो फोन जुन्याच दिशेला धरून ठेवतो, आणि चौकट हळूहळू दारावरून सीटवर सरकते. त्यात वळणाचा बाजूचा दाब सेन्सरला गुरुत्वाकर्षणाचाच भाग वाटतो, म्हणून वळण लांबलं तर क्षितिजही तिरकं होऊ लागतं. डब्यातली लोंबती हँडलं कलतात ना, त्याच बाजूला! कारणही तेच. बीई प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी हा घ्यावा. ब्रशलेस मोटरी आणि सेन्सर लॅमिंग्टन रोडला मिळतात.

नव्याची बाजू अगदीच लंगडी नाही. ४८५ ग्रॅमचा दांडा, वर दोनशे ग्रॅमचा फोन, असा पाऊण किलोच्या आसपासचा ऐवज तासभर एका हातात धरला की मनगट बोलायला लागतं. बोरिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या मुलामुलींनी घडी न होणारी वस्तू सॅकमध्ये कोंबायची कुठे, हा प्रश्नही खरा. पटकन काढून दोन मिनिटांची मुलाखत घ्यायची असेल तर नवाच बरा. फक्त तो पहिल्यांदा वापरताना कंपनीच्या अ‍ॅपवरून ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करावा लागतो, तेव्हा ते काम पाहुणे स्टेजवर आल्यावर करू नका.

म्हणून माझी सूचना अशी. नवा फंडातून घ्या, आणि यंदा पैसे पुरत नसतील तर पुढच्या वर्षी घ्या. जुना हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये ठेवा, रजिस्टरवर सही करून कोणालाही नेता येईल असा. सेकंडहँड बाजारात तो विकून जे येतील त्यात क्लबच्या एका मीटिंगचा वडापाव आणि कटिंग निघेल, फार तर दोन मीटिंगांचं. एक व्यावहारिक अडचण आहे. त्याला मायक्रो-यूएसबीची वायर लागते, आणि सगळ्यांकडे आता टाइप-सी झाल्यामुळे ती दुर्मिळ झालीये. कोणाच्या ड्रॉवरमध्ये जुनी वायर धूळ खात पडली असेल तर ती कॉमन रूममध्ये आणून द्यावी.