हौसेला मोल असू द्या

गेल्या रविवारी सकाळी सकाळी पुण्याहून ताईचा फोन. "जेवलास का, थंडी किती आहे" वगैरे नेहमीचं काही नाही. एकदम तोफच.

"तुझ्या भाच्याला तूच बिघडवलंयस. रेंज रोव्हर घेतोय म्हणे. जुनी, आणि तीसुद्धा कर्ज काढून! विचारलं तर म्हणतो, मामाकडे होती की. मामाने गॅसवर टाकली होती, काही महाग पडत नाही."

मी गप्प. कारण ताईचं चुकत काहीच नव्हतं. गेली अठरा-वीस वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि इथल्या प्रत्येक गणपतीच्या जेवणावळीत सांगत आलोय. साडेचार लीटरच्या वरचं व्ही-८ इंजिन मी कसं छोट्या गाडीच्या खर्चात चालवलं! लोक हसायचे, कौतुक करायचे. भाचा तेव्हा शाळेत होता आणि डोळे मोठे करून ऐकायचा. आता तो बर्मिंगहॅमला नोकरी करतो आणि सतरा वर्षं जुन्या व्ही-८वर त्याचं मन बसलंय. गॅसचा किट बसवायचा, बस्स, प्रश्न मिटला!

तर मंडळी, आज ती गोष्ट मी जाहीरपणे मागे घेतोय. गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी हिशेबाच्या वहीत होती आणि ती मी कोणाला वाचून दाखवली नव्हती.

घरच्यांसाठी आधी थोडं तांत्रिक. रेंज रोव्हर १९७० साली आली ती शेतकऱ्याला चिखलातही जाता यावं आणि रविवारी चर्चलाही जाता यावं म्हणून. तिच्यातलं जुनं व्ही-८ इंजिन मुळात अमेरिकन, ब्युइकचं. त्याचे हक्क रोव्हरने १९६५ साली घेतले आणि पुढे ते वाढवत वाढवत ४.६ लीटरपर्यंत नेलं. माझी गाडी त्यातली, १९९८ची. आवाज असा की सकाळी चालू केली की शेजारचा म्हातारा खिडकीत येऊन उभा राहायचा. वजन दोन टनांच्या वर. लीटरला किती? तर सव्वापाच किलोमीटर. (इथे मैल आणि गॅलन चालतात, पण ताईसाठी किलोमीटरमध्ये सांगतो.)

२००६ साली तिला एलपीजी बसवला. स्वस्तातला, मिक्सरवाला किट, दीड हजार पौंडांत. डिकीत एक जाडजूड टाकी येते. ती ८० टक्क्यांवर भरायची नाही, उरलेली जागा गॅसला फुगायला लागते. द्रवरूप गॅस इंजिनाच्या गरम पाण्यावर तापून वायू होतो, मग आत जातो. म्हणून गाडी सुरू होते ती पेट्रोलवरच आणि इंजिन तापलं की गॅसवर जाते. म्हणजे मुलीला शाळेत सोडायच्या दोन किलोमीटरांत ती बहुतेक वेळा गॅसवर गेलीच नाही! हेही मी कधी सांगितलं नाही.

आणि तो बार! मिक्सरच्या किटमध्ये इंजिनात जाण्याआधीच हवा आणि गॅस एकत्र झालेले असतात. ठिणगी चुकीच्या वेळी पडली की ते मिश्रण बाहेरच्या बाहेरच पेटतं. आमचे बाबा इथे आले असताना चढावर असाच एक "धडाम्" झाला. हवेच्या फिल्टरचं प्लास्टिकचं खोकं फुटलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या मामाच्या ओम्नीची आठवण झाली."

मामाची ओम्नी आमच्या घरातल्या सगळ्यांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात मागच्या सीटखाली घरगुती लाल सिलिंडर, १४.२ किलोचा, आणि वर आम्ही पाच भावंडं बसलेलो. ते बेकायदा होतं आणि धोक्याचंही. गाडीत एलपीजी रीतसर वापरायची परवानगी देणारा आदेश आपल्याकडे २००१ साली निघाला. पण त्या वेळी आम्हा मुलांना कसलंच भय नव्हतं आणि मामाला तर अभिमानच होता. गॅसवर गाडी चालवण्यातला तो चतुराईचा आनंद, "बघा, कसं फसवलं पेट्रोलवाल्यांना", तो बहुधा मला तिथूनच मिळाला. आणि माझ्याकडून भाच्याला. घराण्याची इस्टेट म्हणा हवं तर.

असो. आता वहीकडे वळू.

बाबांच्या सवयीने मीही हिशेब लिहितो. गॅसच्या आधीच्या वर्षात गाडी चालली १२,००० किलोमीटर. पेट्रोलचा खर्च साधारण २,००० पौंड. गॅस बसवल्यानंतरच्या वर्षात पेट्रोल ९० पेन्सच्या आसपास होतं, गॅस ४५च्या. अगदी निम्मा! मात्र गॅसच्या लीटरमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे सव्वापाच किलोमीटरचे सव्वाचार झाले. तरीही किलोमीटरमागे सहा पेन्स वाचत होते. म्हणजे २४,००० किलोमीटरमध्ये, दोन वर्षांत, किटचे पैसे वसूल. मी गणपतीत सांगायचो ते इथपर्यंत.

आता न सांगितलेलं. त्या वर्षात गाडी चालली १९,००० किलोमीटर. गॅस आणि सुरुवातीचं पेट्रोल मिळून खर्च २,१०० पौंड. दर निम्मा होऊनही वर्षाचं बिल शंभर पौंडांनी वाढलं!

हे जादाचे सात हजार किलोमीटर आले कुठून? कुठूनही नाही. "जाऊ की, गॅसवर तर आहे" या एका वाक्यातून आले. कोव्हेंट्रीत घरापासून चालत पंधरा मिनिटांवर फोल्सहिल रोडला भेंडी, गवार, कोथिंबीर सगळं मिळतं. पण आम्ही दर शनिवारी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला जायला लागलो. का? तर तिथली कोथिंबीर ताजी! जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर, कोथिंबिरीसाठी. आधी लंडनला ट्रेनने जायचो, ते बंद झालं. कोणाला हीथ्रोवरून आणायचं असलं की मी हात वर करून तयार. बायको एकदा म्हणाली, "गाडी गॅसवर गेलीय की तुम्ही?" मी ते हसण्यावारी नेलं.

आणि मी पर्यावरणाच्या गप्पाही मारायचो बरं का. एक लीटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, एलपीजीचा सुमारे दीड किलो. ऐकायला केवढा फरक! पण लीटर जास्त लागतात ते धरले की किलोमीटरमागे बचत उरते पंधरा-वीस टक्के. आणि किलोमीटर वाढले जवळजवळ साठ टक्के. आधीच्या वर्षी माझ्या गाडीने पाच टनांच्या थोडा वर धूर सोडला होता, "हिरव्या" वर्षी सात टन. तरी मी छाती पुढे काढून फिरत होतो.

यात नवीन काही नाही म्हणा. विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर पुस्तक लिहून हेच सांगितलं होतं. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला आधीच्या इंजिनांपेक्षा कोळसा कमी लागायचा, पण म्हणून इंग्लंडचा कोळसा वाचला नाही. इंजिन चालवणं परवडायला लागलं, इंजिनं वाढली आणि कोळसा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जळाला. गंमत म्हणजे तो वॉट पुरलाय बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये, सेंट मेरी चर्चमध्ये. तिथून जवळच सोहो रोड, जिथे भाचा दर आठवड्याला सामोसे खायला जातो. मामाचा अनुभव पुरत नसेल तर त्याने जाता जाता तिथे डोकावून यावं.

आता तुम्ही म्हणाल, गॅस स्वस्त आहे हे तर खरं ना? खरं आहे, पण का स्वस्त आहे ते बघा. २०११ ते मार्च २०२२ या काळात इथे पेट्रोलवर लीटरला ५७.९५ पेन्स कर होता. एलपीजीवर किलोला ३१.६१, म्हणजे लीटरला साधारण १६ पेन्स. तफावतीतला मोठा भाग हा कराचा आहे. सरकारने तो सोडला तो हवा स्वच्छ राहावी म्हणून. आणि आम्ही त्या सवलतीचं केलं काय? कोथिंबीर आणली! लंडनमध्ये २००३ साली मध्यवस्तीत गाडी नेण्यावर दिवसाला पाच पौंडांचं शुल्क लागलं, तेव्हाही गॅसवर चालणाऱ्या मान्यताप्राप्त गाड्यांना सूट होती. गर्दी कमी व्हावी म्हणून लावलेलं शुल्क, आणि दोन टनांची गाडी टाकीच्या जोरावर फुकट आत! रस्त्यावर ती जागा तेवढीच अडवत होती. पुढे ती सूट बंद झाली ते बरंच झालं.

म्हणजे दुसऱ्याच्या हौसेचे पैसे कोणीतरी भरतच असतं. माझ्या हौसेचे पैसे भरत होता तो छोट्या गाडीत पेट्रोल भरणारा माझा शेजारी, तोच खिडकीतला म्हातारा.

"मग रिक्षावाले, टॅक्सीवाले गॅसवर चालवतात ते काय मूर्ख?" हा प्रश्न भाच्याने विचारलाच. अजिबात नाही रे बाबा. बंगळूरच्या रिक्षावाल्याने एलपीजी बसवली तर मी टाळ्या वाजवीन. त्याला फिरायचं ते गिऱ्हाईक जिथे नेईल तिथे. त्याचे किलोमीटर पोटाचे आहेत. गॅस स्वस्त झाला म्हणून तो उगाच हायवेवर चक्कर मारायला जात नाही, वाचलेले पैसे घरी नेतो. तसंच एखाद्या शेतकऱ्याकडे घोड्यांचा ट्रेलर ओढायला अशी गाडी आधीपासून असेल, तर तिला गॅस लावणं शहाणपणाचं. माझी गाडी मी २००९ साली अशाच एकाला विकली, आणि तिथे ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कामाला लागली. माझे किलोमीटर हौसेचे होते. हौसेच्या किलोमीटरला स्वस्ताई लागली की ते गवतासारखे वाढतात.

भाच्याने त्यापुढेही एक बाण सोडला. "मामा, तू गॅसवर टाकलीस म्हणून तुला ती ठेवता आली. वर्षभर तरी मजा केलीस ना?" केली. खोटं कशाला बोलू? स्कॉटलंडच्या डोंगरात, पहाटे, धुक्यात ते इंजिन गुरगुरायचं ते अजून कानात आहे. पण मला आठवतात त्या फक्त अशा तीन-चार सहली. बाकीचे किलोमीटर वहीत आहेत, आठवणीत कुठेच नाहीत. पेट्रोलवर ठेवली असती तर तेवढ्याच तीन-चार सहली झाल्या असत्या, आणि लेस्टरची कोथिंबीर वाचली असती.

आणि ही गोष्ट नुसती गॅसची नाही. परवा इथल्या एका मित्राने अडीच टनांची विजेवरची एसयूव्ही घेतली. किल्ली दाखवून म्हणतो, "आता कितीही फिरा!" गॅसच्या धुरापेक्षा ते बरं आहे, मान्य. पण वाक्य माझंच होतं. ऐकून अंगावर काटा आला.

तर भाच्या, तुझ्यासाठी दोन गोष्टी. पहिली व्यवहाराची. गॅसवर फक्त इंजिन चालतं. टायर, ब्रेक, विमा, रोड टॅक्स आणि कर्जाचा हप्ता, यातलं काहीही गॅसवर चालत नाही. पूर्वी गॅस मिळायचा त्यातल्या किती पंपांवरून गेल्या काही वर्षांत ते यंत्र काढून नेलंय, ते आधी मोज. फ्रान्सला जायचं तर खाडीखालच्या शटलवर एलपीजीची गाडी घेत नाहीत, डोव्हरला बोटीच्या रांगेत उभं राहावं लागतं. मी राहिलोय.

दुसरी गोष्ट मनाची. पेट्रोल भरताना पोटात जो गोळा येतो ना, तो ठेव. तो फार कामाचा असतो. "खरंच जायचंय का?" हा प्रश्न तोच विचारतो. मी दीड हजार पौंड देऊन तो काढून टाकला आणि त्यालाच काटकसर म्हणत राहिलो. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. असतं, आणि असावंच. हवीच असेल तुला ती गाडी तर घे. कर्ज न काढता घे, पैसे साठवून घे. मग पेट्रोलवरच ठेव, वर्षातून चार वेळा बाहेर काढ, पूर्ण दाम मोज आणि मनसोक्त गुरगुरू दे. त्यातली एक चक्कर मलाही मार. पेट्रोल मी भरीन.

ताई, झालं समाधान? आता बुधवारी फोन कर आणि आधी विचार, जेवलास का.